दाढ तासायला देण्याआधी

सांगलीहून एका शिक्षिका ताईंचं पत्र आलं आहे. वय 54. खालची उजवीकडची पहिली मोठी दाढ गेल्या वर्षी तडकली म्हणून काढावी लागली. तिच्या मागच्या दाढेला पूर्वीच रूट कॅनाल झालंय, वर मोठं फिलिंग आहे, पण कॅप घातलेली नाही. पुढची छोटी दाढ निरोगी आहे. रिकाम्या जागेसाठी त्या दोन डॉक्टरांना भेटल्या. एकांनी पुट्टीने, म्हणजे तोंडात घट्ट होणाऱ्या मऊ गोळ्याने, माप घेऊन धातूवर सिरॅमिक चढवलेला तीन दातांचा ब्रिज सुचवला, म्हणजे शेजारच्या दोन दाढांवर कॅप आणि त्यांना जोडलेला मधला दात. दुसऱ्यांनी तोंडात कॅमेरा फिरवून झिरकोनिया नावाच्या कडक सिरॅमिकचा ब्रिज सांगितला. त्याचा खर्च जवळपास दुप्पट. ‘कॉम्प्युटरवर बनतो, चुकायचा प्रश्नच नाही, शिवाय पंधरा वर्षांचं वॉरंटी कार्ड’ असंही ते म्हणाले. ताई विचारतात, कॉम्प्युटरच्या नावाखाली एवढे पैसे द्यावेत का? चिनीमातीचा दात भाकरीला, चिक्कीला टिकेल का? पुण्याच्या बहिणीची कॅप एका बैठकीत बसली, मग माझ्या ब्रिजला आठवडा का? आणि पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर?

प्रिय ताई,

दोन डॉक्टरांमधला फरक तुम्ही ‘एक हाताने करणार, एक कॉम्प्युटरने’ असा धरला आहे. तसा तो बहुधा नाही. पुट्टीचं माप लॅबमध्ये गेलं की त्यात प्लास्टर ओततात, दातांचं मॉडेल तयार होतं, आणि आजकाल बहुतेक लॅबमध्ये ते मॉडेल टेबलावरच्या स्कॅनरमध्ये ठेवून कॉम्प्युटरवर घेतात. पहिल्या डॉक्टरांच्या ब्रिजमधला धातूचा सांगाडासुद्धा पडद्यावर आखला जाण्याचीच शक्यता जास्त. मग लेझरने कोबाल्ट-क्रोमची भुकटी थरावर थर वितळवत तो उभा करतात. लॅबवाले त्याला डीएमएलएस म्हणतात. म्हणजे कॉम्प्युटर दोन्हीकडे असणार, फक्त एकीकडे तो तोंडापासून सुरू होतो आणि दुसरीकडे लॅबच्या दारापासून. दुप्पट पैसे द्यायचे की नाही हे ‘कॉम्प्युटर’ या शब्दावर ठरवू नका. पदार्थ कोणता, दात कसा तासला जाणार आणि पडद्यावर ब्रिज आखताना कोण किती लक्ष देणार, या गोष्टींवर ठरवा.

ही विद्या नवखी असेल अशी भीती मनात असेल तर ती काढून टाका. फ्रान्समध्ये फ्रान्स्वा द्युरे यांनी दाताचं माप प्रकाशाने घेण्याची कल्पना 1973 मध्ये आपल्या प्रबंधात मांडली. 1985 मध्ये झुरिक विद्यापीठात दंतवैद्य वेर्नर म्योरमान यांनी, इंजिनिअर मार्को ब्रांदेस्तिनी यांच्याबरोबर घडवलेल्या यंत्रावर सिरॅमिकचं पहिलं इन्ले, म्हणजे दातातल्या खड्ड्यात बसणारा तुकडा, कोरलं आणि रुग्णाच्या दातात लगेच बसवलं. पुढे हेच यंत्र सेरेक या नावाने जगभर गेलं. चाळीस वर्षांत कॅमेरे सुधारले, आणि तोंडात पांढरी पावडर फवारून स्कॅन घेण्याची गरजही बहुतेक यंत्रांत राहिली नाही.

कॅमेऱ्याला मात्र प्रकाश पोहोचेल तेवढंच दिसतं. कॅप आणि दात जिथे भेटतात ती कड, आम्ही तिला मार्जिन म्हणतो, हिरडीखाली दडलेली असेल, तिच्यावर रक्त किंवा लाळ असेल, तर स्कॅनमध्ये तिथे एक अस्पष्ट, वितळल्यासारखी रेघ येते. कड नेमकी कुठे आहे हे मग लॅबमधल्या माणसाला अंदाजाने ठरवावं लागतं. पुट्टीबरोबर वापरतात ते पातळ मटेरियल हिरडीच्या फटीत थोडं उतरतं, त्यामुळे कड खोल असेल तर जुनी पद्धत कधीकधी सरस ठरते. कड हिरडीच्या बरोबरीला किंवा वर असेल, जागा कोरडी असेल, तर तीन दातांच्या ब्रिजसाठी तोंडातला स्कॅन उत्तम काम करतो. तोंडात पुट्टीचा गोळा धरून बसावं लागत नाही, मळमळ होत नाही, आणि कुठे भाग सुटला असेल तर तेवढाच पुन्हा स्कॅन करता येतो. स्कॅनच्या आधी डॉक्टर हिरडीच्या फटीत बारीक दोरा भरतात. त्याला पाच-दहा मिनिटं जातात आणि थोडं दुखतंही. ज्या डॉक्टरांनी ते केलं, त्यांना कड दिसण्याचं महत्त्व कळतं असं खुशाल समजा.

आता तासण्याबद्दल, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण पेशंटला हे कोणी सांगत नाही. सिरॅमिकचा ठोकळा आतून कोरण्यासाठी मशीनमध्ये बारीक बर, म्हणजे गोल फिरणाऱ्या कोरण्या, असतात. त्यांचं टोक गोल असतं आणि त्याला स्वतःची जाडी असते, समजा एक मिलिमीटर. तुमच्या तासलेल्या दाढेचा वरचा काठ धारदार राहिला असेल, तर कॅपच्या आत त्याला जुळणारा तेवढाच टोकदार कोपरा कोरायला हवा. एक मिलिमीटर जाडीच्या गोल टोकाने तो कोरता येत नाही. मग सॉफ्टवेअर दोनपैकी एक काहीतरी करतं. एकतर त्या कोपऱ्यात गरजेपेक्षा जास्त पोकळी कोरतं, म्हणजे कॅप तिथे आतून ढिली आणि बाहेरून पातळ. नाहीतर कोपरा न कोरता तसाच सोडतं, आणि कॅप त्या धारेवर अडून वर राहते, खाली कडेशी फट उरते. डॉक्टरांनी सगळे काठ गोल करून दिले, कड सलग आणि गुळगुळीत ठेवली, तर तीच मशीन, तोच बर अगदी चपखल कॅप देतो. हे गोल करायला पाच मिनिटंही लागत नाहीत. महागडी मशीन आणि घाईत तासलेला दात यापेक्षा साधी मशीन आणि नीट तासलेला दात मी केव्हाही घेईन.

फट किती चालते? 1971 मध्ये मॅक्लीन आणि फॉन फ्राऊनहोफर यांनी 120 मायक्रॉनची, म्हणजे 0.12 मिलिमीटरची मर्यादा सांगितली होती. आजही आम्ही तिच्यावरच बोट ठेवतो. चांगल्या लॅबचा ब्रिज याच्या बराच आत बसतो.

तासल्यानंतर तुमचं तोंड पडद्यावर येतं. खालचे दात, वरचे दात आणि दोन्ही एकमेकांवर कसे टेकतात तो चावा, असे तीन स्कॅन एकत्र जुळवलेले असतात. टेक्निशियन आधी दोन्ही दाढांच्या कडेवर रेघ आखतो. सॉफ्टवेअर आपण होऊन ती आखतं, पण चांगला टेक्निशियन ती मोठी करून, दाढ सगळ्या बाजूंनी फिरवून, जिथे घसरली असेल तिथे ओढून जागेवर आणतो. मग ब्रिज कोणत्या दिशेने खाली उतरणार ती दिशा ठरवतो. तुमच्या बाबतीत खरी अडचण इथे येऊ शकते. दाढ काढून वर्ष झालं आहे. मधली जागा रिकामी राहिली की मागची दाढ हळूहळू पुढे कलते. ब्रिजचे दोन खांब, म्हणजे शेजारच्या दोन दाढा, एकमेकांना समांतर राहिले नाहीत, तर एकाच दिशेने उतरणारा ब्रिज दोघांवर बसत नाही, आणि पडद्यावर अडणारा भाग वेगळ्या रंगात दिसतो. थोडा कल असेल तर जास्त तासून भागतं. जास्त असेल तर इतकं तासावं लागतं की दाढेत काही उरत नाही.

वरच्या जबड्यातली समोरची दाढही तपासून घ्या. खाली टेकायला काही नसलं की ती रिकाम्या जागेत उतरू लागते. मग ब्रिजसाठी उभी जागाच कमी पडते, आणि ब्रिजची ताकद तर उंचीवर असते. मधला लटकता दात दोन्ही बाजूंच्या कॅपना जिथे जोडलेला असतो तो सांधा, त्याचं आडवं छेदक्षेत्र झिरकोनियात मागच्या दातांसाठी साधारण 9 चौरस मिलिमीटरच्या खाली जाऊ द्यायचं नसतं. ते कमी झालं की सॉफ्टवेअर लगेच इशारा देतं. पण क्षेत्रफळ तेवढंच असलं तरी सांधा उभा आहे की आडवा पसरट, याने फार फरक पडतो. तुळईचा नियम इथेही लागू आहे. रुंदी तीच राहून सांध्याची उंची निम्मी झाली तर वाकणं आठपट होतं, आणि दोन खांबांमधलं अंतर दुप्पट झालं तरी आठपटच. सिरॅमिक वाकत नाही, तडकतं. म्हणून डॉक्टरांना सरळ सांगा की मशीनला पाठवण्याआधी मला ब्रिज पडद्यावर बघायचा आहे, सांध्याचा आकडा किती येतो तोही सांगा. विचारण्यात संकोच करू नका. ज्यांनी काळजीपूर्वक आखलंय त्यांना दाखवायला आवडतं.

पडद्यावर अजून एक गोष्ट बघा. मधला दात हिरडीला कसा टेकतो? तो खालून बाहेरच्या बाजूला गोलाईदार हवा आणि हिरडीला हलकेच टेकलेला हवा. हिरडीवर खोगीर घातल्यासारखा दोन्हीकडून बसलेला असेल तर त्याच्या खालून कधीच सफाई होणार नाही.

तुमच्या बहिणीच्या कॅपचं कोडं इथे सुटतं. एका बैठकीत होणारी कॅप बहुतेकदा लिथियम डायसिलिकेट नावाच्या काचमिश्रित सिरॅमिकची असते, बाजारात ई-मॅक्स या नावाने ओळखतात तीच. तिचा ठोकळा जांभळट निळा असतो. या अवस्थेत तो त्या मानाने मऊ असल्याने मशीन त्यातून लवकर कॅप कोरते. मग 840-850 अंश सेल्सिअसच्या छोट्या भट्टीत अर्ध्या तासाच्या आत तो निळा रंग जाऊन दाताचा रंग येतो आणि मजबुती येते. एका दाताला हे सुंदर आहे. पण तीन दातांच्या ब्रिजसाठी हा पदार्थ दुसऱ्या छोट्या दाढेच्या मागे वापरायचा नसतो. तुमची रिकामी जागा त्याच्या मागे आहे. तुमच्या ब्रिजला तो कोणी सुचवलाच, तर नाही म्हणा.

झिरकोनियाची गोष्ट वेगळी. त्याची डिस्क पांढरी, साधारण 98 मिलिमीटर व्यासाची, चाकूने खरवडता येईल इतकी मऊ. लॅबमधली पाच अक्षांची मशीन तिच्यातून तुमचा ब्रिज कोरते. सगळीकडे बारीक पांढरी पूड उडत असते, आणि शेवटी ब्रिज डिस्कमध्ये दोन-तीन बारीक काड्यांवर अडकून राहतो. टेक्निशियन त्या काड्या हळूच कापून तो सोडवतो. तेव्हा तो हातात घेतला तर चुकून दुसऱ्याच कुणाचा उचलला असं वाटेल, इतका मोठा दिसतो. कुंभाराचं कच्चं मडकं भट्टीत जसं आकसतं तसंच याचं होतं, फक्त इथे आकसणं आधीच मोजलेलं असतं. लांबी, रुंदी, उंची प्रत्येक दिशेने सुमारे 20 टक्के, म्हणजे आकारमान जवळजवळ निम्मं. प्रत्येक डिस्कवर तिच्या बॅचचा आकसण्याचा आकडा छापलेला असतो. तो मशीनमध्ये बरोबर भरला तर ब्रिज नेमका तुमच्या मापाचा होतो. चुकीचा भरला तर बाकी सगळं बिनचूक करूनही तो दाढेवर बसत नाही.

त्यानंतर रंग देतात, वाळवतात आणि भट्टीत ठेवतात. तापमान सावकाश 1500 अंशांच्या आसपास नेतात, तिथे काही वेळ धरतात, मग सावकाश उतरवतात. नेहमीच्या पद्धतीत यातच रात्र जाते. झटपट भट्ट्या आता आहेत, एकट्या कॅपसाठी त्या चालतात, पण तीन दातांच्या जाड ब्रिजला घाई नको. नंतर पॉलिश, वरचा रंग, ग्लेझ. लॅब दुसऱ्या गावी असेल तर कुरिअरचे दोन दिवस धरा. आठवडा लागतो तो यामुळे, आणि तो चांगल्या कामाचा आठवडा आहे.

आता टिकण्याचं. तुम्ही याला चिनीमाती म्हणता, पण झिरकोनिया चिनीमाती नाही. झिरकोनियम धातूचं हे ऑक्साइड, त्यात थोडं इट्रियम ऑक्साइड मिसळलेलं. त्याची खासियत अशी की आत कुठे बारीक तडा निघाला की तड्याच्या टोकाशी असलेले स्फटिक आपली रचना बदलतात आणि सुमारे 4 टक्के फुगतात. त्या फुगण्याने तडा दाबला जातो, पुढे सरकत नाही. 1975 मध्ये हा गुण शास्त्रज्ञांनी प्रथम मांडला तेव्हा त्याला ‘सिरॅमिक पोलाद’ म्हणावं का असा प्रश्न त्यांनी केला होता. साध्या फेल्डस्पार पोर्सिलेनची वाकताना तुटण्याची ताकद 100 ते 150 मेगापास्कल, लिथियम डायसिलिकेटची 400 च्या आसपास, आणि मूळच्या, 3 टक्के इट्रियावाल्या झिरकोनियाची 1000 च्या आसपास किंवा वर.

पण ‘झिरकोनिया’ या एका नावाखाली आता बरेच प्रकार विकले जातात. इट्रिया वाढवला की पदार्थ जास्त पारदर्शक, जास्त दातासारखा दिसतो, आणि त्याच वेळी तो तडा दाबण्याचा गुण कमी होतो. 5 टक्क्यांच्या प्रकारात ताकद जवळपास निम्म्यावर येते. समोरच्या दाताला तो छान दिसेल. तुमच्या दाढेला दिसण्यापेक्षा दळायचं काम जास्त आहे, तेव्हा 3 किंवा 4 टक्क्यांचा प्रकार घ्या, आणि कोणता वापरला ते बिलावर लिहून मागा.

आणखी एक आग्रह धरा. ब्रिज अखंड झिरकोनियाचा हवा, वर पोर्सिलेनचा थर चढवलेला नको. सुरुवातीच्या काळात आत झिरकोनियाचा सांगाडा आणि वर सुंदर पोर्सिलेन असं करायचे. सांगाडा शाबूत राहायचा, वरच्या थराच्या कपच्या उडायच्या. दाढांसाठी अखंड ब्रिज पुढे आला तो त्या अनुभवातून.

एवढा कडक पदार्थ समोरच्या दाढेला झिजवेल का, ही शंका बरोबर आहे. आरशासारखा गुळगुळीत केलेला झिरकोनिया समोरच्या दाताशी चांगला वागतो. खडबडीत झिरकोनिया मात्र कानशीच होतो. ब्रिज बसवताना चावा जुळवण्यासाठी डॉक्टर त्यावर बर फिरवतील. तेवढी जागा खरखरीत होते, आणि तिला झिरकोनियासाठीच्या रबरी पॉलिशरने पुन्हा गुळगुळीत करायला हवं. खुर्चीवरून उठण्याआधी जीभ फिरवून पाहा. कुठे खरखर लागली तर लगेच सांगा.

भाकरी बिनधास्त खा. चिक्की आणि सुपारीबद्दल मी ‘नको’ म्हणेन, पण ब्रिजसाठी नव्हे, त्याखालच्या रूट कॅनाल झालेल्या दाढेसाठी.

पहिल्या डॉक्टरांनी सुचवलेला धातू-सिरॅमिक ब्रिज जुनाट म्हणून उडवून लावू नका. त्याचा दशकांचा अनुभव आमच्यापाशी आहे. बसवताना तो थोडा डुगडुगला तर सांध्यात कापून पुन्हा डाग देऊन जोडता येतो. झिरकोनियाला तशी सोय नाही, डुगडुगला तर नवाच करावा लागतो. त्याला उत्तर म्हणून स्कॅनच्या पद्धतीचा एक खरा फायदा आहे. फाइल जपलेली असते, त्यामुळे पुन्हा माप न घेता दुसरा ब्रिज कोरता येतो, दात हलले नसतील तोवर. धातूबाबत एकच खबरदारी घ्या. आपल्याकडे स्वस्त कामात अजूनही निकेल-क्रोम वापरतात. नकली दागिन्यांनी तुमचे कान चिघळत असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि निकेल नसलेला धातू मागा. एमआरआयची चिंता दोन्हींत करू नका. झिरकोनियाने काही होत नाही. धातूची कॅप असेल तर तोंडाच्या आसपासचं चित्र थोडं बिघडू शकतं, म्हणून तपासणीच्या वेळी तिथे सांगायचं, एवढंच.

वॉरंटी कार्डाचं सांगते. ते कार्ड पदार्थाचं आहे. झिरकोनिया तुटला तर लॅब तो बदलून देईल, बहुधा डॉक्टरांची फी वगळून. पण ब्रिज निकामी होताना सिरॅमिक तुटलेलं मला क्वचितच दिसतं. दिसते ती कडेखाली लागलेली कीड, सुटलेलं सिमेंट, आणि रूट कॅनालच्या दाताचं उभं चिरलेलं मूळ. त्यातलं काही त्या कार्डात बसत नाही. कार्ड जपून ठेवा, त्यावरचा नंबर तपासा, पण निर्णय त्यावर घेऊ नका.

आणि आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही ते. तुमची पुढची छोटी दाढ निरोगी आहे. ब्रिजसाठी तिला चारी बाजूंनी तासावं लागेल. पूर्ण कॅपसाठी दाताच्या हिरडीवर दिसणाऱ्या भागातला सुमारे 60 ते 70 टक्के भाग जातो. तो परत येत नाही, आणि अशा काही दातांना पुढे रूट कॅनालची वेळ येते. ज्या दातात साधं फिलिंगही नाही त्याला शेजाऱ्यासाठी इतकं द्यायला लावणं मला जड जातं. तुमच्या मागच्या दाढेला कॅप हवीच आहे, रूट कॅनाल झालेली दाढ अशी उघडी ठेवणं धोक्याचं आहे. तेव्हा माझा कल असा: मागच्या दाढेवर एक वेगळी कॅप, मधल्या जागेत एक इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू, त्यावर कॅप), आणि छोट्या दाढेला हात लावायचा नाही. खालच्या जबड्यात इम्प्लांट हाडात मुरायला साधारण तीन महिने लागतात. त्यावरची कॅप याच स्कॅनने, याच मशीनवर बनते. मधुमेह ताब्यात असेल तर तोही आड येत नाही. दोन्ही डॉक्टरांपैकी कोणी इम्प्लांटचा विषय काढल्याचं तुमच्या पत्रात नाही. का नाही काढला ते विचारा. हाड कमी आहे असं कारण असू शकतं, आणि ते खरं कारण आहे. खर्चाची अडचण असेल तर मुंबईतल्या नायर किंवा शासकीय दंत महाविद्यालयाच्या कृत्रिम दातांच्या विभागात दाखवून या. तिथे अनुभवी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, खासगीच्या मानाने कमी खर्चात काम होतं, फक्त फेऱ्या जास्त पडतात.

इम्प्लांट जमत नसेल तर ब्रिज करा, त्यात काही कमीपणा नाही. अखंड झिरकोनियाचा, स्कॅन करून, पण मी वर सांगितलेल्या गोष्टी ज्या डॉक्टरांच्या कामात दिसतील त्यांच्याकडे, मग ते पहिले असोत की दुसरे. आठवडाभर तात्पुरता प्लास्टिकचा ब्रिज घालून मागा. नाहीतर तासलेल्या दाढा सरकतात, हिरडी कडेवर चढते आणि नेमका बनवलेला ब्रिजही बसत नाही. बसवण्याच्या दिवशी सिमेंट लावण्याआधी ब्रिज नुसता ठेवून बघतात. तेव्हा तो दाबल्याशिवाय बसला पाहिजे, डुगडुगता कामा नये, आणि शेजारच्या दातामधून फ्लॉस, म्हणजे दातांतून फिरवायचा दोरा, किंचित अडत, ‘टक’ करत निघाला पाहिजे. या ट्रायलमध्ये ब्रिजच्या आत लाळ लागते, आणि लाळेतले फॉस्फेट झिरकोनियाला चिकटून बसले की सिमेंट नीट धरत नाही. म्हणून ट्रायलनंतर आतला भाग खास क्लीनरने किंवा अ‍ॅल्युमिनाची बारीक भुकटी मारून स्वच्छ करतात. नुसता पाण्याने धुऊन चालत नाही. घरी गेल्यावर मधल्या दाताखालून रोज रात्री सुपरफ्लॉस किंवा बारीक ब्रश फिरवायचा, तो कसा फिरवायचा ते डॉक्टरांकडून तुमच्या हाताने करून शिकून घ्या.

यातलं काहीही सुरू करण्याआधी मागच्या दाढेचा नवा एक्स-रे काढा. दोन गोष्टी बघायला सांगा: मुळांच्या टोकाशी काळी सावली आहे का, आणि फिलिंग काढल्यावर हिरडीच्या वर चारी बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर पक्का दात उरतो का. सावली असेल तर आधी रूट कॅनाल पुन्हा करावं लागेल. दात उरत नसेल तर ती दाढ ब्रिजचा खांब होऊ शकत नाही, मग वर काहीही बसवा. तो एक्स-रे मला पाठवलात तर पुढचं नक्की सांगू शकेन.